इन्स्टॉलर अडलाय, नेटवर्क नाही म्हणतोय

ऑपरेटिंग सिस्टम इन्स्टॉल करताना नेटवर्क अडलं की बहुतेक जण सगळं पहिल्यापासून सुरू करतात. पेनड्राइव्ह पुन्हा लिहायचा, राउटर बंद-चालू करायचा, दुसरीच आवृत्ती उतरवायची, मग तिसरी. कधी कधी यातलं काहीतरी लागू पडतंही, पण नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही आणि पुढच्या मशीनवर पुन्हा तीच आंधळी कोशिंबीर. ओळखीच्यांची, नातलगांची मशीनं नव्यानं लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि ते मला मनापासून आवडतं. त्या अनुभवावरून सांगते, नेटवर्कचा बिघाड शोधायला हुशारी फारशी लागत नाही, क्रम लागतो. खालून वर जायचं. आधी तार, मग कार्ड, मग पत्ता, मग नाव, मग घड्याळ आणि शेवटी सर्व्हर. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

इन्स्टॉलेशनच्या वेळी ही शिस्त जास्तच लागते. तयार सिस्टमवर ब्राउझर असतो, सेटिंग असतात, हार्डवेअर चालवणारे अपडेट झालेले ड्रायव्हर असतात. इन्स्टॉलरकडे बहुतेकदा यातलं काहीच नसतं. त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आणि त्याचे ड्रायव्हर ती पेनड्राइव्हवर लिहायची आयएसओ फाइल ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसाचे असतात. मशीन त्यानंतर आलेलं असेल, तर त्यातलं कार्ड त्याला ठाऊकच नसण्याची शक्यता असते. शिवाय तो बोलतो फार मोघम. डेबियन या लिनक्स सिस्टमचा इन्स्टॉलर ‘नेटवर्क आपोआप कॉन्फिगर करता आलं नाही’ असं म्हणतो, तेव्हा तार तुटलेली असू शकते, मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर गप्प असू शकतो किंवा दोन पोर्टांपैकी तुम्ही भलतंच निवडलेलं असू शकतं. तिन्हीला वाक्य एकच. म्हणून मी त्या लाल पडद्याशी हुज्जत घालत नाही, मागचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडते. टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ४, ग्राफिकलमध्ये कंट्रोलही जोडीला. तिथे सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. एफ२ वर कमांड टाइप करायला शेल मिळतं. एंटर दाबलं की ते जागं होतं. विंडोजच्या सेटअपमध्ये हेच काम शिफ्ट आणि एफ१० करतं; काही लॅपटॉपवर एफएन पण धरावं लागतं. या दोन युक्त्या माहीत नसतील तर पुढचं काहीच तपासता येत नाही, म्हणून आधी त्या सांगून टाकल्या.

त्याच्याही आधीचा एक प्रश्न लोक विचारतच नाहीत: इन्स्टॉलेशनला आत्ता नेटवर्क खरंच हवंय का? उबुंटू या लिनक्सची डेस्कटॉप आयएसओ नेटशिवाय पूर्ण बसते. डेबियनच्या डीव्हीडी इमेजमधून डेस्कटॉपसकट सगळं बसतं, ‘आत्ता नेटवर्क कॉन्फिगर करू नका’ हा पर्याय तिथे दिलेलाच असतो. नेटइन्स्ट नावाची छोटी इमेज मात्र नावाप्रमाणेच नेटवर जगते, तिच्यात फक्त गाभा असतो. आर्च लिनक्सला तर नेटशिवाय पाऊलच टाकता येत नाही, कारण पॅकेजं सर्व्हरवरूनच येतात. विंडोज ११ ची होम आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हापासून सेटअपमध्ये इंटरनेट मागते आणि २२एच२ या अपडेटपासून वैयक्तिक वापराच्या प्रो आवृत्तीनंही तोच हट्ट धरलाय. मला हा हट्ट पटत नाही. ज्या मशीनला अजून स्वतःच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मिळालेला नाही, त्याला नेटवर जाऊन खातं उघडायला लावणं म्हणजे दार बंद करून आत या म्हणणं. पण ते तसं आहे, तेव्हा तयारीनं बसलेलं बरं. आपल्या हातात निवड असेल तर अनोळखी मशीनसाठी मी कायम पूर्ण इमेज वापरते. नेटवर्क नंतर, शांतपणे, सगळी हत्यारं हाताशी असताना लावता येतं.

आता नेट हवंच आहे असं धरून चालू.

पहिली पायरी तार. कितीही वायफायचा जमाना असला तरी इन्स्टॉलेशनपुरती तार शोधून काढाच. वायफायला फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्रॅम लागतो, पासवर्ड लागतो, एन्क्रिप्शनचा प्रकार जुळावा लागतो. तारेला यातलं जवळपास काहीच लागत नाही. ती खोचली की पोर्टाजवळचा बारीक दिवा बघायचा. दिवा पेटला आणि शेजारचा दुसरा लुकलुकायला लागला की तार, पोर्ट आणि समोरचा स्विच हे तिन्ही जिवंत आहेत. दिवाच नाही तर वरच्या कुठल्याही सेटिंगमध्ये बोट घालण्यात अर्थ नाही. तार बदला, राउटरचं दुसरं पोर्ट घ्या. तारेच्या टोकाचा क्लिप तुटलेला आरजे४५ प्लग खोचलेला दिसतो पण अर्धा मिलीमीटर मागे सरकलेला असतो, बोटानं दाबून धरला की दिवा लागतो आणि सोडला की जातो. अशी तार सरळ फेकून द्यावी. आणखी एक फसवा प्रकार आहे. तारेत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला मात्र दोनच पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या. उरलेल्यातला एखादा धागा आत तुटला असेल तर जुन्या मशीनवर ही तार बिनतक्रार चालते आणि नव्या गिगाबिट कार्डावर लिंक येते-जाते, येते-जाते. ‘माझ्या जुन्या लॅपटॉपवर हीच तार चालते, म्हणजे नव्याचं कार्ड खराब’ हा निष्कर्ष मी कित्येकदा ऐकलाय. तो घाईचा आहे. लॉगमध्ये लिंक अप, लिंक डाउन अशा ओळींची माळ दिसली की आधी तार बदलून बघायची.

दुसरी पायरी, सिस्टमला कार्ड दिसतंय का. लिनक्सच्या लाइव्ह सत्रात, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टममध्ये, ‘आयपी लिंक’ टाइप केलं की सगळी नावं येतात. ‘एलओ’ म्हणजे मशीन स्वतःशी बोलतं ती, ती मोजायची नाही. तारेचं नाव ‘ईएन’नं सुरू होतं, वायफायचं ‘डब्ल्यूएल’नं. पुढची अक्षरं आणि आकडे साधारणपणे कार्ड कुठल्या बसवर, कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय ते सांगतात. ही पद्धत लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासूनची. त्याआधी सगळं ‘ईटीएच०’ असायचं आणि दोन कार्डं असली की कुठलं शून्य नि कुठलं एक याचा भरवसा नसायचा. यादीत फक्त ‘एलओ’ असेल तर कार्ड आहे पण ड्रायव्हर नाही, किंवा ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, नाहीतर कार्ड बायोसमधूनच, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधूनच, बंद आहे.

यातलं कुठलं ते ‘एलएसपीसीआय’ सांगतं. त्याला ‘एनएनके’ हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणाखाली ड्रायव्हरची ओळ येते आणि चौकटी कंसात दोन आकडे येतात. पहिला आकडा कंपनीचा. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. दुसरा त्या चिपचा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी वायफाय कार्डं घातलेली मी पाहिली आहेत. हे दोन आकडे मात्र खोटं बोलत नाहीत, कुठेही शोधायचं असेल तर तेच शोधा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही.

ओळ आहे आणि तरी वायफाय नाही, असं असेल तर फर्मवेअरचा संशय घ्यायचा. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यात नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये राहतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरसाठीचा प्रोग्रॅम. तो कार्डात कायमचा कोरलेला नसतो, प्रत्येक वेळी सिस्टम सुरू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. फाइल डिस्कवर नसली की कार्ड मख्ख. ‘डीमेसेज’ (dmesg) या कमांडनं दिसणाऱ्या कर्नलच्या लॉगमध्ये तेव्हा फर्मवेअर लोड करता आलं नाही, एरर उणे २ अशी ओळ सापडते. उणे २ चा अर्थ साधा आहे, फाइल सापडली नाही. आणि त्याच ओळीत हव्या असलेल्या फाइलचं पूर्ण नावही असतं. इंटेलच्या वायफायची फाइल ‘आयडब्ल्यूएल वायफाय’ अशा नावानं सुरू होते. इतकं नेमकं उत्तर लॉग देत असताना लोक पडद्यावरचं ‘नेटवर्क कार्ड आढळलं नाही’ वाचून नवं कार्ड विकत घ्यायला निघतात, याचं मला वाईट वाटतं.

डेबियनमध्ये हा त्रास वर्षानुवर्षं होता. ही फर्मवेअर मुक्त परवान्याची नसल्यामुळे अधिकृत इमेजमध्ये ठेवायची नाहीत असा नियम होता. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये फाइली भरून त्या इन्स्टॉलरला दाखवायच्या, किंवा अनधिकृत इमेज शोधत फिरायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं आणि अधिकृत इमेजमध्येच फर्मवेअर द्यायचं ठरलं. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२, म्हणजे बुकवर्मपासून ते लागू झालं. तत्त्वाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं, मुक्त सॉफ्टवेअरबद्दल मलाही तितकीच आस्था आहे. पण ज्याचं वायफायच चालत नाही तो माणूस मुक्त सॉफ्टवेअरच्या दारापर्यंत येऊन परत जातो. तो निर्णय योग्य झाला असं माझं ठाम मत आहे. तेव्हा कोणी जुन्या लेखावरून डेबियन ११ ची इमेज घेऊन बसलं असेल आणि वायफाय दिसत नसेल, तर बाकी काही करू नका, नवी इमेज घ्या.

नव्या मशीनवर याच्या उलट होतं. फर्मवेअर असतं पण कर्नल जुना पडतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेताना पहिली इमेज न घेता तिची शेवटची पॉइंट इमेज, म्हणजे मधली अपडेट धरून पुन्हा काढलेली इमेज, घ्यावी, कारण दुसऱ्या पॉइंट रिलीजपासून डेस्कटॉप इमेजमध्ये नवा कर्नल येत जातो. आवृत्ती तीच, पण ओळखता येणारी कार्डं जास्त.

वायफाय दिसतंय पण सुरूच होत नाही, याचं एक स्वतंत्र कारण म्हणजे ‘आरएफकिल’, वायफायचा रेडिओ बंद ठेवणारं कुलूप. ‘आरएफकिल लिस्ट’ केलं की दोन ओळी दिसतात, सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट असेल तर कमांडनं सुटतो. हार्ड असेल तर कमांडनं काही होत नाही, लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटण असतं किंवा एखादी विमानाची खूण असलेली की असते, ती शोधायची. आणि आधी ज्या मशीनवर विंडोज होतं आणि शेजारी लिनक्स बसवायचं आहे, तिथे फास्ट स्टार्टअप बंद करा. त्या सोयीत विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि कधी कधी वायफाय कार्डही त्या झोपेतच लिनक्सच्या हवाली होतं. विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की ते खरोखर बंद होतं.

विंडोजच्याच सेटअपमध्ये कार्ड दिसत नसेल तर दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा नेटवर्क ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणायचा. इथे अडचण अशी की तो बहुतेकदा एक्झी फाइल म्हणून मिळतो आणि सेटअपच्या त्या टप्प्यावर एक्झी चालेलच असं नाही. ती आधीच उलगडून आत आयएनएफ, सिस आणि कॅट अशा फाइली दिसताहेत ना ते बघून घ्यायचं. मग शिफ्ट-एफ१० च्या काळ्या खिडकीत ‘पीएनपीयुटिल’ला ‘ॲड-ड्रायव्हर’ म्हणून त्या आयएनएफचा रस्ता द्यायचा. इन्स्टॉल करायचा पर्यायही जोडायला विसरायचं नाही, नाहीतर ड्रायव्हर नुसता कोठीत जाऊन पडतो.

हे सगळं वाचून कोणाला धडकी भरली असेल तर एक मोठा दिलासा आहे: अँड्रॉइड फोन. फोन यूएसबी केबलनं मशीनला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. समोरच्या सिस्टमला फोन हे वायफाय वाटत नाही, एक साधं तारेचं नेटवर्क कार्ड वाटतं आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये फार आधीपासून आहे. बहुतेक इन्स्टॉलरमध्ये तो लगेच लागतो, फर्मवेअरचा प्रश्नच येत नाही. फोन स्वतः वायफायवर असला तरी तेच नेट पुढे देतो, म्हणजे मोबाइलचा डेटाही जळत नाही. मी अडलेल्या मशीनवर पहिला तास वायफायशी झुंजण्यात घालवत नाही. फोन जोडते, सिस्टम बसवते, अपडेट घेते आणि निम्म्या वेळा त्या अपडेटमध्येच वायफायचं फर्मवेअर येऊन जातं. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाचे धागे नसतात आणि टेदरिंगचा पर्याय फोनवर राखाडीच राहतो. आयफोनला आधी मशीनशी जोडी जुळवावी लागते, त्यासाठीचे प्रोग्रॅम किमान इन्स्टॉलरमध्ये नसतात, म्हणून तिथे अँड्रॉइडच मागून घ्या.

तिसरी पायरी पत्ता. ‘आयपी ए’ किंवा विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’. इथे पहिले दोन आकडे वाचायचे. १९२.१६८ नं किंवा १० नं सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुतेक वेळा राउटरनं दिलेला असतो, ठीक. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तो कोणीही दिलेला नाही, मशीननं सर्व्हरची वाट बघून कंटाळून स्वतःच स्वतःला घेतलाय. म्हणजे कार्ड चालू आहे, ड्रायव्हर ठीक आहे, पण डीएचसीपीचं उत्तर आलं नाही. डीएचसीपीत चार निरोप असतात: मशीन ओरडून विचारतं कोणी आहे का, सर्व्हर पत्ता देऊ करतो, मशीन तो मागून घेतं, सर्व्हर पक्का करतो. लॉगमध्ये पहिला निरोप पुन्हा पुन्हा दिसतो आणि दुसरा येतच नाही, तर दोष तुमच्या मशीनच्या पलीकडे आहे. संस्थांच्या नेटवर्कवर ओळखीच्या मॅक पत्त्यांनाच, म्हणजे कार्डांच्या स्वतःच्या क्रमांकांनाच, दार उघडं असतं, तिथे जो माणूस नेटवर्क सांभाळतो त्याला मॅक पत्ता कळवणं हाच रस्ता.

कचेऱ्यांतल्या स्विचचं आणखी एक आहे. पोर्टवर तार खोचली की स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था आधी कुठे फेरा तर होत नाही ना ते तपासते. जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. या ३० सेकंदांत पोर्ट काहीच पुढे पाठवत नाही, आणि इन्स्टॉलर नेमका तेवढ्यातच हाका मारून थकतो. म्हणून पहिला प्रयत्न फसला तर लगेच सेटिंग बदलायला जाऊ नका. मिनिटभर थांबून ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबा. इतक्या साध्या उपायानं सुटणारी ही अडचण आहे.

व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे चालू सिस्टमच्या आतल्या नकली मशीनवर, सराव करणाऱ्यांसाठी: व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट प्रकारात साधारणपणे १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. तो दिसला की इथवर सगळं नीट आहे, पुढे बघा. तिथे फर्मवेअरची भानगड नसल्यामुळे या पायऱ्या शिकायला ती जागा चांगली आहे.

चौथी पायरी नाव. १.१.१.१ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघा. उत्तर आलं पण एखाद्या साइटच्या नावाला पिंग केलं तर नाव सापडत नाही म्हणतो, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. ‘रिझॉल्व्ह कॉन्फ’ फाइलमध्ये नेमसर्व्हरची ओळ आहे का बघायची, नसेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हाती लिहायचा. या पायरीवर इतकंच.

घड्याळाची पायरी मात्र बहुतेक मार्गदर्शकांत गाळलेली असते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. माझा भाचा एक बऱ्याच काळ कपाटात पडून असलेला लॅपटॉप लिनक्स टाकून वापरात आणत होता. फोन आला तो थेट चौथी पायरी ओलांडूनच.

“मावशी, तार आहे, पत्ता आहे, नावानंपण पिंग जातोय. तरी पॅकेजं उतरत नाहीत.”

“पडद्यावर काय लिहून आलंय ते जसंच्या तसं वाच.”

“नॉट व्हॅलिड येट. रिलीज फाइल अजून वैध नाही म्हणे. अजून म्हणजे काय?”

“टर्मिनलमध्ये डेट टाइप कर. वर्ष कुठलं येतंय?”

जरा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, “मावशी! २०१६!”

त्यानं खालच्या सगळ्या पायऱ्या स्वतः, न सांगता, ओळीनं तपासल्या होत्या, याचं मला फार कौतुक वाटलं. म्हणूनच उरलेलं उत्तर दोन मिनिटांत मिळालं. मदरबोर्डवर घड्याळ चालवणारी एक छोटी बॅटरी असते, बऱ्याच मशीनमध्ये नाण्याएवढी, ३ व्होल्टची, सीआर२०३२. लॅपटॉपची मोठी बॅटरी पार उतरली आणि ही छोटीही संपली की घड्याळ बायोस ज्या वर्षी बनला त्याच्या आसपास जाऊन बसतं. पिंगला तारखेशी काही देणंघेणं नाही, म्हणून ते बिनदिक्कत जातं. पण पॅकेजांच्या यादीवर ती कधी तयार झाली याची तारीख असते, एचटीटीपीएसच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर कधीपासून आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये बसलेल्या मशीनच्या दृष्टीनं आजची सगळी सर्टिफिकेटं भविष्यातली, म्हणून ते नकार देतं. आणि ते बरोबरच वागतंय, सुरक्षेची तपासणी अशीच हवी. इंटरनेटवरून वेळ घेणारी एनटीपी सेवा हे आपोआप दुरुस्त करू शकते, पण ती यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते आणि बऱ्याच ठिकाणी ते पोर्ट बंद असतं. भाच्याला मी बायोसमध्ये जाऊन तारीख हातानं लावायला सांगितली. पॅकेजं उतरायला लागली. काही लोक अशा वेळी सर्टिफिकेट तपासणंच बंद करायचे पर्याय सुचवतात. ते करू नका. बसवत असलेल्या सिस्टमचा पायाच तपासल्याविना घेणं हे तारीख न लावण्यापेक्षा कितीतरी वाईट.

सगळं जमतंय आणि तरी यादी उतरत नाही, अशा वेळी डेबियन-उबुंटूत पॅकेजं उतरवणारं एपीटी कधी कधी स्वतःच विचारतं, ‘या नेटवर्कला लॉगिन लागतं का?’ त्या ओळीत ‘नोस्प्लिट’ असा शब्दही असतो. याचा अर्थ मधे लॉगिनचं पान बसलंय. इन्स्टॉलरनं पॅकेजांची यादी मागितली आणि हातात पडलं नाव-पासवर्ड विचारणारं वेबपान. यावर इन्स्टॉलरमध्ये उपाय नाही, फोन जोडा. लाइव्ह सत्र असेल तर ब्राउझर उघडून आधी लॉगिन करा, मग इन्स्टॉलर सुरू करा.

आणि एक छळणारा प्रकार, जिथे छोटं सगळं चालतं आणि मोठं अडकतं. पिंग जातो, पानं उघडायला सुरुवात होते, डाउनलोड काही टक्क्यांवर जाऊन थिजतं. तेव्हा एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाची कमाल मर्यादा, बघा. इथरनेटची एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइट असते. काही ब्रॉडबँड कंपन्या वापरतात त्या पीपीपीओईच्या जोडणीत त्यातले ८ बाइट खर्च होतात, उरतात १४९२. मधल्या कोणीतरी ‘पाकीट मोठं आहे, लहान कर’ हा निरोप अडवला, तर मोठी पाकिटं वाटेत गायब होत राहतात आणि दोन्ही टोकांना पत्ता लागत नाही. लाइव्ह सत्रात पाकीट तोडू नको असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइट शीर्षकांचे मिळून १५०० होतात. तो गेला नाही आणि १४६४ चा गेला, तर खूण पटली. कार्डाचा एमटीयू १४९२ केला, किंवा खात्रीसाठी १४०० केला, की थिजलेलं डाउनलोड सुटतं. कायमची दुरुस्ती राउटरवर करायची.

सर्व्हरच्या पायरीला सांगण्यासारखं थोडंच. डेबियनसाठी देशाची यादी उलगडत बसण्यापेक्षा ‘डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग’ निवडा, ते जवळच्या सर्व्हरकडे आपोआप वळवतं. प्रॉक्सीचा रकाना दिसला आणि प्रॉक्सी म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर तो रिकामा सोडा. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, अर्धवट लावलेल्या नेटवर्कवर प्रत्येक डाउनलोड सुरू व्हायला खूप वेळ घेतं, तेव्हा एपीटीला फक्त जुनी आयपीव्ही४ वापरायला सांगता येतं.

इन्स्टॉलेशन संपलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि आता नेट नाही, ही तक्रारही माझ्याकडे बरीच येते, विशेषतः आर्च बसवणाऱ्यांकडून. इन्स्टॉलर चालू असताना जे नेटवर्क होतं ते पेनड्राइव्हवरच्या सिस्टमचं होतं. नव्या सिस्टममध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम तुम्ही वेगळा घातला नसेल तर तिथे तो नाहीच. घाबरून पुन्हा सगळं बसवायचं काही कारण नाही. त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करा, नेट जोडा, डिस्कचे विभाग माउंट करून, म्हणजे चालू सिस्टमला जोडून, ‘आर्च-सीएचरूट’नं नव्या सिस्टमच्या आत शिरा, नेटवर्कमॅनेजर बसवा आणि सिस्टमडीला तो सुरुवातीलाच चालू करायला सांगा. बाहेर या, पेनड्राइव्ह काढा, मशीन रीस्टार्ट करा. वायफायचा पासवर्ड तेवढा पुन्हा एकदा द्यावा लागेल.